‘सर्व’ आणि ‘स्व’ : धाकट्या संत मेलानियाचे दान

येरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर प्रभू येशू बसला आहे आणि लोक पेटीत पैसे कसे टाकतात ते न्याहाळत आहे, हे दृश्य संत मार्काने आपल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात रेखाटले आहे. श्रीमंत येतात, पुष्कळ टाकतात आणि निघून जातात. मग एक गरीब विधवा येते. तिच्या हाती तांब्याची दोन क्षुल्लक नाणी असतात; तीच ती पेटीत टाकते. प्रभू आपल्या शिष्यांना जवळ बोलावतो आणि सांगतो की, सर्वांत अधिक दान या बाईने केले. कारण इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले, हिने मात्र आपल्या उपजीविकेचे साधनच देऊन टाकले.

दान किती दिले यावरून नव्हे, तर दिल्यानंतर हाती काय उरले यावरून मोजावे, हा या प्रसंगाचा बोध आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या मराठी भाषेत अशा दानाला ‘सर्वस्वदान’ असा नेमका शब्द आहे. या शब्दाची फोड केली तर त्यात ‘सर्व’ आणि ‘स्व’ असे दोन भाग दिसतात. ‘स्व’ म्हणजे आपल्या मालकीचे धन. परंतु ‘स्व’ म्हणजे आपण स्वतःही. विधवेच्या बाबतीत हे दोन्ही एकाच क्षणी दिले गेले. तिच्यापाशी धन इतके थोडे होते की, त्याच्यामागे दडून बसायला ‘स्व’ला जागाच नव्हती.

पण ज्याच्यापाशी अपार आहे त्याचे काय? ‘सर्व’ देऊन टाकल्यावर ‘स्व’ आपोआप दिला जातो काय? की सोने गेल्यावरही तो मागे रेंगाळतो? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील, बहुधा आपल्या काळातील सर्वांत श्रीमंत अशा एका रोमन स्त्रीचे ते चरित्र आहे. तिचे नाव मेलानिया. तिची आजी ज्येष्ठ मेलानिया हीदेखील थोर तपस्विनी होती; म्हणून हिला ‘धाकटी मेलानिया’ म्हणतात. तिचा स्मृतिदिन ३१ डिसेंबरला येतो. वर्ष सरत असताना, नव्या वर्षाच्या गडबडीत, तो बहुतेकांच्या ध्यानातून निसटून जातो.

रेशमाखालचे जाडेभरडे वस्त्र

मेलानियाचा जन्म इ. स. ३८३ च्या सुमारास रोममधील वलेरियस या प्राचीन सिनेटर घराण्यात झाला. वडील वलेरियस पब्लिकोला, आई अल्बिना. आईवडिलांना ती एकुलतीच उरलेली होती; तेव्हा घराण्याचा वंश आणि घराण्याची मालमत्ता या दोहोंची भिस्त तिच्यावर होती. साहजिकच चौदाव्या वर्षीच तिचे लग्न लावून देण्यात आले. वर पिनियानस हाही तिच्याच तोलामोलाच्या घराण्यातील, सतरा वर्षांचा मुलगा.

मेलानियाच्या मनात व्रतस्थ जीवनाची ओढ होती. तिने पतीपुढे ती उघड केली. पिनियानसने नकार दिला नाही, पण अट घातली : वारसा चालवायला दोन मुले होऊ देत, मग दोघेही संसारातून मुक्त होऊ. एक मुलगी झाली. मधल्या काळात मेलानिया अंगावरच्या रेशमी वस्त्राखाली लोकरीचे जाडेभरडे वस्त्र घालू लागली. घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या ते नजरेस आले, तेव्हा हे कोणाला सांगू नका म्हणून तिने त्यांची विनवणी केली.

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी संत लॉरेन्सच्या सणाच्या आदल्या रात्री ती घरातील प्रार्थनालयात रात्रभर गुडघे टेकून होती. सकाळी कळा सुरू झाल्या. मुलगा दिवस भरण्यापूर्वीच जन्मला, त्याला स्नानसंस्कार देण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. आईही मरणाच्या दारात पोहोचली. शोकाने व्याकूळ झालेल्या पिनियानसने तेव्हा देवापुढे शब्द दिला की, ही वाचली तर उरलेले आयुष्य आम्ही दोघे तिच्या इच्छेप्रमाणे घालवू. मेलानिया वाचली. पुढे थोड्याच काळात मुलगीही निवर्तली.

पब्लिकोला मात्र मुलीच्या निश्चयाला अखेरपर्यंत विरोध करीत राहिला. लोक काय म्हणतील, ही त्याची धास्ती. मरणशय्येवर त्याने मुलीची क्षमा मागितली आणि तिला मोकळीक दिली. मेलानिया तेव्हा विशीत होती आणि पिनियानस चोवीस वर्षांचा. दोघांनी रोममधील प्रासाद सोडला, शहराबाहेर साधे बिऱ्हाड केले आणि धनवान तरुणाला प्रभूने जे सांगितले होते, म्हणजे सर्व विकून गोरगरिबांना दे आणि मग माझ्यामागे ये, ते अक्षरशः करायचे ठरविले.

देणे सोपे नव्हते

ही मालमत्ता होती तरी केवढी? मेलानियाचा चरित्रकार जेरोंटियस हा तिच्या मठातील धर्मगुरू. अनेक वर्षे तो तिच्या निकट राहिला होता. त्याने नमूद केले आहे की, एकट्या पिनियानसचे वार्षिक उत्पन्न सोन्याच्या १,२०,००० नाण्यांइतके होते आणि मेलानियाचे उत्पन्न त्यात धरलेले नाही. त्या काळचे ‘सॉलिडस’ हे नाणे सुमारे साडेचार ग्रॅम सोन्याचे असे. म्हणजे वर्षाकाठी साडेपाचशे किलोच्या आसपास सोने झाले. जमिनी इटलीत, सिसिलीत, स्पेनमध्ये, उत्तर आफ्रिकेत, अगदी ब्रिटनमध्येही पसरलेल्या होत्या.

इतके धन देऊन टाकणे ही नुसती मनाची गोष्ट नव्हती. ती कायद्याची आणि राजकारणाचीही होती. सिनेटर घराण्याची जमीन ही कुळाची, प्रतिष्ठेची आणि राज्याच्या कराची बाब मानली जाई. कोवळ्या वयाच्या जोडप्याने ती मोडीत काढावी, हे नातलगांना रुचणे शक्य नव्हते. पिनियानसचा भाऊ सेव्हेरस याचा डोळा तर या इस्टेटीवरच होता. शेवटी मेलानियाने सम्राट होनोरियसची नातलग आणि सेनापती स्टिलिकोची पत्नी सेरेना हिची भेट घेतली. सेरेनाने सम्राटाकडे शब्द टाकला. प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनी या जमिनींची विक्री करून पैसा या जोडप्याच्या हवाली करावा, असा हुकूम निघाला.

विक्री सुरू झाली आणि पैसा वाहू लागला. पॅलाडियस नावाचा बिशप त्या सुमारास रोममध्ये या दोघांचा पाहुणा होता. त्याने आपल्या ग्रंथात हिशेबच देऊन ठेवला आहे : इजिप्त व थेबाईडच्या वाळवंटातील तपस्व्यांना १०,००० नाणी, अंत्युखिया व त्या परिसराला १०,०००, पॅलेस्टाइनला १५,०००, बेटांवरील ख्रिस्तमंडळींना आणि हद्दपार झालेल्यांना १०,०००. एकूण ४५,००० नाणी.

आकड्यांची ही जुळणी मोठी बोलकी आहे. कारण जेरोंटियसच्या चरित्रातही ४५,००० नाण्यांची एक रास आहे. मेलानिया ती गोष्ट पुढे आपल्या भगिनींना सांगत असे. एकदा वाटपासाठी एवढे सोने घरात एकत्र आले होते. त्याच्या झळाळीने सारी खोली पेटल्यासारखी दिसू लागली. तेव्हा मोह पाडणारा कानात कुजबुजला : इतके मोजून जे विकत घ्यावे लागते ते स्वर्गाचे राज्य आहे तरी कसले?

हा मोह सोने ठेवून घेण्याचा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. सोने तर ती देतच होती. मोह होता तो देण्याला व्यवहार समजण्याचा. मी इतके दिले, आता मला तितके मिळावे. मी मोजले, आता देवाने मोजून द्यावे. दान देणाऱ्याच्या हातातून नाणे सुटते, पण मनातली तागडी सुटत नाही. मेलानियाने त्या वेळी प्रार्थनेचा आश्रय घेतला आणि नाशवंत देऊन अविनाशी मिळते, या विचाराने मनाचे समाधान केले. तिचे उत्तर अजून सौद्याच्याच भाषेतले होते. तिला पुढे बरेच शिकायचे होते.

दुसरा मोह होता एका जागेचा. समुद्रकाठी तिचा एक रम्य प्रासाद होता. त्यातील स्नानगृहाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गर्द रान. पोहता पोहता एकीकडे शिडांची जहाजे दिसत आणि दुसरीकडे हरणे व रानडुकरे. प्रासादाभोवती साठाहून अधिक वाड्या होत्या आणि त्यांत शेकडो गुलाम राबत. ही एवढी एक जागा ठेवली तर काय बिघडले, असे तिच्या मनाने घेतले. हजारो नाणी सहज सुटली होती, पण या एका आवडत्या जागेवरून पाय निघेना. आपल्यापैकी कोणाला याचा अनुभव नाही? अखेर तीही जागा तिने सोडली.

मालमत्तेत माणसेही होती

या कथेतील सर्वांत अवघड पान आता येते. भाविकतेने लिहिलेल्या संतचरित्रांत ते बहुधा झटकन उलटले जाते. परंतु आपण तेथे थांबले पाहिजे.

रोमन जमीनदाराच्या मालमत्तेत शेत, घर, गुरे यांच्याबरोबर माणसेही मोजली जात. मेलानियाने स्वतंत्र होऊ इच्छिणाऱ्या ८,००० गुलामांना मुक्त केले, असे पॅलाडियस सांगतो. त्या काळात हे फार मोठे पाऊल होते. पण तोच पुढे हेही सांगतो की, उरलेल्यांनी मुक्ती नको म्हटले आणि तिच्या भावाची चाकरी पत्करली. मग प्रत्येकी तीन नाण्यांच्या नाममात्र किमतीत तिने त्यांना त्याच्याकडे दिले. जेरोंटियसच्या चरित्रात तर रोमच्या आसपासच्या मळ्यांवरील गुलामांनी विक्रीविरुद्ध बंडच केल्याची हकीकत आहे. आम्हांला विकू नका, विकायचेच असेल तर सेव्हेरसलाच विका, असे ते म्हणू लागले. चरित्रकाराला यात सेव्हेरसची चिथावणी आणि सैतानाचा हात दिसतो.

आजच्या वाचकाला मात्र आणखी काही दिसल्याशिवाय राहत नाही. जमीन विकली गेली म्हणजे तिच्यावर राबणारी कुटुंबे अनोळखी धन्याच्या हाती जाणार. कदाचित बाप एकीकडे, लेकरे दुसरीकडे. आणि मुक्ती मिळाली तरी पायाखाली जमीन नाही, डोक्यावर छप्पर नाही, संकटात पाठीशी उभा राहणारा कोणी नाही. इटलीवर गॉथ टोळ्यांचे सावट होते. अशा वेळी ओळखीच्या धन्याचा आसरा सुटू नये असे त्या माणसांना वाटले असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

मेलानिया आपले सर्व काही देत होती. पण त्या ‘सर्वा’त ज्यांचे आयुष्य गोवलेले होते, त्यांना तिने आरंभी विचारले होते काय? चरित्रात तसे दिसत नाही. तिच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मी म्हणत नाही. आपल्या काळाच्या मर्यादा संतांनाही असतात. परंतु एवढे खरे की, खोली उजळून टाकणाऱ्या त्या सोन्याच्या राशीत हजारो निनावी माणसांचा घाम होता. त्या दानाचे पुण्य लिहिताना इतिहासाने एकच नाव लिहिले. दाते अनेक होते.

संत पॉलने करिंथकरांना लिहिताना बजावून ठेवले आहे की, मी आपले सर्व धन अन्नदानासाठी देऊन टाकले आणि माझ्या ठायी प्रीती नसली, तर त्याचा मला काहीच लाभ नाही. ‘सर्व’ देणे आणि प्रीती करणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्या प्रेषिताने मेलानियाच्या साडेतीनशे वर्षे आधी ओळखले होते.

रोमचा पाडाव आणि आफ्रिकेतील धडे

इ. स. ४०८ च्या अखेरीस अलारिकच्या गॉथ सैन्याने रोमला वेढा घातला. शहरात धान्याची टंचाई झाली. नगरप्रमुख पॉम्पियानस याने मेलानिया व पिनियानस यांची उरलेली मालमत्ता सरकारजमा करण्याचा घाट घातला. परंतु भाकरीसाठी खवळलेल्या जमावाने त्यालाच ठार केले आणि तो बेत तिथेच राहिला. पुढे २४ ऑगस्ट ४१० रोजी रोम लुटले गेले. सीलियन टेकडीवरील त्यांचा भव्य प्रासाद इतका मोलाचा होता की, सेरेनालाही तो विकत घेणे झेपले नव्हते. तोच आता जळका अवशेष होऊन कवडीमोलाने गेला.

तोपर्यंत हे जोडपे अल्बिनासह रोम सोडून गेले होते आणि पुढे सिसिलीमार्गे ते उत्तर आफ्रिकेत पोहोचले. थागास्ते हे संत ऑगस्टीन यांचे जन्मगाव. त्यांचे जिवलग मित्र अलिपियस तेथे बिशप होते. तेथे मेलानियाला दानाविषयी पहिला मोठा धडा मिळाला, आणि तो देणारे होते ऑगस्टीन, अलिपियस आणि कार्थेजचे बिशप ऑरेलियस. मठांना आज तुम्ही जे पैसे देता ते थोड्याच काळात संपून जातील, असे त्यांनी तिला समजावले. त्यापेक्षा प्रत्येक मठाला एक घर आणि कायमचे उत्पन्न लावून द्या, म्हणजे ते टिकेल.

या सल्ल्याचे मर्म खोल आहे. सारे एका झटक्यात उधळून मोकळे व्हावे, ही ओढ देणाऱ्याच्या मनाची असते. घेणाऱ्याची गरज मात्र उद्याही असते, परवाही असते. देणाऱ्याच्या समाधानाकडून घेणाऱ्याच्या गरजेकडे नजर वळविणे हाही ‘स्व’ सोडण्याचाच एक प्रकार आहे. मेलानियाने सल्ला मानला. थागास्तेजवळ तिने दोन मठ उभारले, एक १३० स्त्रियांसाठी आणि दुसरा ८० पुरुषांसाठी, आणि दोहोंना पुरेसे उत्पन्न लावून दिले. पूर्वी तिच्या घरी दास-दासी असलेली माणसेही त्यांत होती. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय एकेकाळी ती घेत असे, त्यांच्याच शेजारी ती आता प्रार्थनेला उभी राहू लागली.

दुसरा धडा कडू होता. इ. स. ४११ मध्ये ही मंडळी ऑगस्टीन यांना भेटायला हिप्पो येथे गेली. पवित्र मिस्सा चालू असतानाच लोकांनी आरडाओरडा मांडला : पिनियानसला येथेच धर्मगुरुदीक्षा द्या! स्वतः ऑगस्टीन यांनाही याच गावच्या लोकांनी ३९१ साली असेच अचानक धरून धर्मगुरुपदी बसविले होते. परंतु पिनियानसला त्याच्या इच्छेविरुद्ध दीक्षा देणार नाही, असा शब्द ऑगस्टीन यांनी आधीच दिला होता. जमाव ऐकेना. अलिपियस यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. या श्रीमंत पाहुण्यांना ते थागास्तेत अडकवून ठेवतात, असा लोकांचा समज होता. शेवटी, हिप्पो सोडणार नाही आणि कधी दीक्षा घेतलीच तर येथेच घेईन, अशी शपथ पिनियानसला वाहावी लागली, तेव्हा कुठे लोक शांत झाले.

अल्बिना संतापली. हिप्पोच्या लोकांना माझ्या जावयाचा धर्मगुरू म्हणून लोभ नाही, त्याच्या पैशाचा लोभ आहे, अशी तिची खात्री झाली. ऑगस्टीन यांनी तिला आणि अलिपियस यांना लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत ते आपल्या लोकांची बाजू मांडतात : लोकांना पिनियानसचे धन नव्हे, धनाविषयीचा त्याचा निरिच्छपणा आवडला. तरी त्या घोळक्यात मदतीच्या आशेने ओरडणारे काही गरजू आणि भिकारी होते, हे ते नाकारत नाहीत.

कोण खरे होते हे आता ठरवण्याची गरज नाही. पण हा प्रसंग आपल्या मंडळींनी आवर्जून वाचावा असा आहे. कारण सर्वस्वदानाची कसोटी दात्याची जशी असते, तशी ती घेणाऱ्या ख्रिस्तमंडळींचीही असते. दानशूर माणूस देवळात आला की आपण त्याच्याकडे भाऊ म्हणून पाहतो की थैली म्हणून?

मिठातले सोने

सात वर्षांच्या आफ्रिकेतील वास्तव्यानंतर, इ. स. ४१७ मध्ये, तिघेही येरुशलेमला पोहोचली. जवळचे धन आता जवळजवळ संपले होते. येरुशलेमच्या ख्रिस्तमंडळीत गोरगरिबांची एक यादी असे आणि त्यांना धर्मनिधीतून अन्न मिळे. एकेकाळी खंडाखंडांत जमिनी असलेल्या या जोडप्याने आपली नावे त्या यादीत घालून घेण्याचा विचार केला.

पुढे स्पेनमधील थोडी उरलेली मालमत्ता विकली गेली आणि ते पैसे हाती आले. मेलानिया व पिनियानस ते घेऊन इजिप्तच्या तपस्व्यांना वाटायला निघाले. तेथे हेफेस्टियन नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची गाठ पडली. मेलानियाने त्याला थोडे सोने देऊ केले. त्याने घेतले नाही. तिने पुनःपुन्हा विनविले, तो ऐकेना. तेव्हा त्याची नजर चुकवून तिने त्या झोपडीत शोधाशोध केली. एक चटई, थोडी सुकी भाकर आणि मिठाची एक टोपली, यापलीकडे तेथे काही नव्हते. तिने सोन्याची नाणी त्या मिठात दडवली आणि दोघे घाईघाईने निघाले.

नदी ओलांडून झाली तोच मागून तो म्हातारा हातात सोने घेऊन धावत आला. हे मला कशाला, असे त्याने काठावरून ओरडून विचारले. गरिबांना द्या, असे तिने सुचविले. या वाळवंटात मी गरीब कोठे शोधू, असा त्याचा प्रश्न. तिनेही परत घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने सारी नाणी नदीत भिरकावून दिली.

हा प्रसंग वाचताना प्रथम हसू येते आणि मग माणूस गंभीर होतो. मेलानियाला ते सोने आता नकोसेच झाले होते. पण आपण दिले हे समाधान तिला हवे होते. एवढे एक ‘आपले’ अजून उरले होते. ज्याला गरज नाही त्याच्या मिठातही ती आपले दान दडवून ठेवत होती. त्या वृद्धाने नाणी नदीत टाकली, तेव्हा तिच्या ‘स्व’ची शेवटची मूठही उघडली असावी, असे मला वाटते. कारण येरुशलेमला परतल्यानंतरची मेलानिया वेगळीच दिसते.

दात्री झाली याचक

जैतून पर्वतावर ती प्रथम एका लहानशा खोलीत एकांतात राहिली. पुढे तेथे स्त्रियांचा मठ उभा राहिला. मठ तिच्या प्रेरणेने झाला, तरी मठप्रमुख होण्यास ती तयार झाली नाही. ते पद तिने दुसऱ्या भगिनीकडे सोपविले. मठप्रमुख अंमळ कडक असल्या आणि एखादी दुबळी भगिनी थकून गेली, तर मेलानिया गुपचूप तिच्या खोलीत काही खाण्याचे नेऊन ठेवी. हेसुद्धा लपवून दिलेले दानच होते. पण मिठातल्या सोन्यात आणि यात किती अंतर! तेथे देणाऱ्याची इच्छा होती, येथे घेणाऱ्याची भूक होती.

मठात स्नानगृह नव्हते. भगिनींची अडचण होऊ नये म्हणून तिने एका माजी उच्चाधिकाऱ्याकडे शब्द टाकला आणि ते बांधवून घेतले. समुद्र आणि रान यांच्यामधले ते वैभवशाली स्नानगृह स्वतः सोडलेली बाई आता दुसऱ्यांसाठी स्नानगृह मागत होती.

इ. स. ४३१ मध्ये अल्बिना गेली आणि त्यानंतर वर्षभरात पिनियानसही. जवळपास पस्तीस वर्षे त्याने पत्नीच्या मार्गाने सोबत केली होती. त्याच्या स्मरणार्थ पुरुषांचा मठ बांधावा असे तिला वाटले, पण हाती एक नाणेही नव्हते. तेव्हा एका भाविकाने तिला २०० नाणी आणून दिली. मेलानियाने आनंदाने ती घेतली, जेरोंटियसला बोलावले, दगड आणायला सांगितले आणि काम सुरू झाले. ४५,००० नाण्यांची रास वाटणारीने २०० नाणी हात पसरून घेतली, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही. सदैव देणाऱ्याच्याच जागी उभे राहण्यात एक अहंकार असतो. कोणाचे ऋण आपल्यावर नको, ही श्रीमंताची शेवटची श्रीमंती होय. तीही तिने टाकून दिली होती.

इ. स. ४३९ चा नाताळ तिने बेथलेहेमला साजरा केला. २६ डिसेंबरला संत स्टीफनच्या सणाला ती त्याच्या मंदिरात प्रार्थनेला गेली. तेथून परतल्यावर दुखणे आले आणि ३१ डिसेंबरला, रविवारी, तिने देह ठेवला. पौर्वात्य ख्रिस्तसभेत तिची स्मृती अखंड राहिली. पश्चिमेत ती बरीच मागे पडली. एकोणिसाव्या शतकात मारियानो रामपोला यांना स्पेनमधील एस्कोरियाल येथे तिच्या लॅटिन चरित्राचे हस्तलिखित आढळले. १९०५ साली, कार्डिनल असताना, त्यांनी ग्रीक चरित्रासह ते प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य जगाला तिची नव्याने ओळख झाली.

आपली दोन नाणी

आपल्या धर्मग्रामांत दानाची परंपरा मोठी आहे. देवळे बांधली गेली, शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने चालले, ते कष्टकऱ्यांच्या घामाच्या पैशावर. त्याचबरोबर बाकावर, खिडकीवर, घंटेवर आपल्या नावाची पाटी असावी, ही हौसही आपल्याला नवी नाही. तिला फार नावे ठेवू नयेत; मृत आईवडिलांच्या आठवणीने लावलेल्या पाटीत प्रेमही असते. पण सोने गेले तरी नाव मागे राहावे असे वाटते, तेव्हा मिठाची ती टोपली आठवावी.

मेलानियाच्या चरित्रातून हाती येणारा अर्थ इतकाच आहे. सर्वस्वदान हे एका दिवसाचे कृत्य नाही. ‘सर्व’ देण्यास तिला काही वर्षे पुरली. ‘स्व’ देण्यास उरलेले सारे आयुष्य लागले. आधी सोने गेले, मग आवडती जागा, मग आपल्याच मनाप्रमाणे देण्याचा हट्ट, मग दिल्याचे समाधान आणि सर्वांत शेवटी कोणापुढे हात न पसरण्याचा ताठा. संत पॉलने मासेदोनियाच्या गरीब मंडळींची स्तुती करताना हेच नेमके टिपले आहे : त्यांनी पैसा देण्यापूर्वी प्रथम स्वतःला प्रभूच्या हवाली केले. मेलानियाचा क्रम उलटा होता, पण ती पोहोचली त्याच ठिकाणी.

आपल्यापैकी फारच थोड्यांपाशी देऊन टाकण्यासारखी इस्टेट असेल. पण प्रत्येकापाशी समुद्रकाठचे एखादे स्नानगृह असते. वेळ असतो, रुसवा असतो, भावकीत ताणून धरलेला जमिनीचा तुकडा असतो, आजारी माणसाशेजारी बसण्याचा कंटाळा असतो. दानपेटीत नोट टाकून परतताना, तेवढे एक आपण जपून ठेवलेले असते.

दानपेटीसमोर प्रभू अजून बसलेला आहे. पेटीत काय पडले ते तो पाहतो. पण त्याआधी तो त्या विधवेचे परतताना रिकामे झालेले हात पाहतो. रोमच्या त्या धनाढ्य स्त्रीला तिच्या शेजारी येऊन उभे राहायला पस्तीस वर्षे लागली. त्या विधवेचे नाव आपल्याला ठाऊक नाही. मेलानियाच्या मळ्यांवर राबलेल्या हजारोंची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ज्याला ती ठाऊक आहेत, तोच आपली दोन नाणीही मोजणार आहे.